पोपटी लावताना मधलं कच्चं का राहतं?

प्रश्न थोडक्यात असा: गेल्या जानेवारीत शेतावर पंचवीस जणांसाठी एकाच मोठ्या मडक्यात पोपटी लावली, म्हणजे वालाच्या हिरव्या शेंगा, कंद आणि कोंबडी रानपाल्यासह मडक्यात भरून, ते पालथं घालून भोवती जाळ केला. जाड लाकडं तासभर जाळली. कोरडी पडू नये म्हणून आत पेलाभर पाणीही घातलं. तरी कडेच्या शेंगा करपल्या, मधल्या कच्च्या राहिल्या आणि कोंबडी हाडाशी लाल निघाली. यंदा माणसं तेवढीच आहेत, त्यातली निम्मी शाकाहारी. प्रमाण काय घ्यायचं आणि काय बदलायचं?

मधलं कच्चं म्हणजे जाळ कमी पडला असं वाटतं आणि यंदा दीड तास जाळायचा मोह होतो. तो टाळा. जाळ पुरेसा होता, म्हणून तर कडा करपल्या. उष्णता मध्यापर्यंत पोचली नाही, ती तीन कारणांनी: मडकं फार मोठं होतं, त्यात पाणी गेलं आणि कोंबडी एकाच थोरल्या पुडक्यात होती. जाड लाकडांनी त्यात भर घातली, पण मूळ दुखणं ते नव्हे.

पोपटीत बाहेरचं पाणी लागत नाही. शिजायला हवं तेवढं पाणी हिरव्या शेंगांत आणि भांबुर्डा या रानझुडपाच्या पाल्यात असतं. कडेचा पाला आणि शेंगा तापल्या की त्यांची वाफ होते, ती आत शिरते आणि मधलं शिजवते. वरून ओतलेलं पाणी मात्र जागेवर राहत नाही. मडकं पालथं असतं, त्यामुळे ते तोंडाकडे उतरतं, तोंडाचा पाला भिजवतं आणि खालची माती ओली करतं. मुळातच कमी तापणारा तो भाग आणखी थंड पडतो. वरच्या शेंगा भाजतात, खालच्या पाणचट उकडतात.

आता मडकं. ज्या वस्तूत उष्णता बाहेरून आत जाते तिचा व्यास दुप्पट केला की मध्य तापायला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. वाफेमुळे पोपटीत हा हिशेब थोडा सैल होतो, पण सुटत नाही. म्हणून पंचवीस जणांना एक रांजण नको, साधारण १२ लिटर पाणी मावेल अशी तीन मडकी घ्या. तोंड अरुंद हवं, म्हणजे पालथं घालताना माल बाहेर येत नाही आणि पाल्याचं बूच घट्ट बसतं. मडकं साधं भाजलेल्या मातीचं असावं. रंगवलेलं, चकाकी दिलेलं नको. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. घरात वर्षभर पाणी भरून ठेवलेला माठ वापरू नका. त्याच्या छिद्रांत मुरलेल्या पाण्याची जाळावर एकदम वाफ होते आणि माठ फुटतो. नवं मडकंसुद्धा धुऊन एक दिवस कडक उन्हात वाळवा.

तीन मडकी घेतल्यावर निम्म्या शाकाहारी माणसांचा प्रश्नही आपोआप सुटतो. दोन मडकी निव्वळ शाकाहारी लावा, एक कोंबडी-अंड्यांचं. शाकाहारी मडक्यांवर खडूची किंवा चुन्याची खूण जाळात टिकत नाही. त्यापेक्षा कोंबडीचं मडकं रांगेत कुठल्या टोकाला आहे ते ठरवून ठेवा.

प्रमाण असं धरा. दोन शाकाहारी मडक्यांत प्रत्येकी २ किलो वालाच्या शेंगा, पाऊण किलो छोटे बटाटे, पाऊण किलो रताळी आणि अर्धा किलो कोनफळ. कोनफळ मिळालं नाही तर त्या जागी छोटे कांदे आणि काटेरी छोटी वांगी. कोंबडीच्या मडक्यात दीड किलो शेंगा, दीड किलो कोंबडी, १२ अंडी आणि अर्धा किलो बटाटे. एकूण साडेपाच किलो शेंगा, म्हणजे माणशी सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. कोंबडी खाणाऱ्याला अडीच-तीन तुकडे येतात. हे कमी वाटेल, पण पोपटीत शेंग हा मुख्य पदार्थ आहे आणि कोंबडी तिच्या सोबतीला. कोंबडी वाढवली की शेंगांना जागा उरत नाही, शेंगा कमी झाल्या की वाफ कमी होते, मग सगळंच कोरडं पडतं.

शेंगांची निवड इथे सर्वांत महत्त्वाची. रायगडात अलिबाग, पेण, रोहा, माणगाव, पनवेल या भागांत भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याच्या हिरव्या, भरल्या शेंगा मिळतात. पोपटीचा हंगाम तोच. याच गावठी वालाच्या दाण्यांचं नंतर बिरडं होतं. शहरातल्या बाजारात वालपापडी म्हणून जी चपटी, कोवळी शेंग मिळते ती भाजीला छान, पोपटीला नाही. तिच्यात दाणा नसतो आणि सालाचा लगदा होतो. शेंग बाहेरून पाहिली तरी दाण्याचे उंचवटे दिसले पाहिजेत. वाकवल्यावर ती कट्कन मोडावी आणि दाण्यात नख सहज रुतावं. पिवळी पडलेली, सालाला सुरकुती आलेली शेंग वगळा, तिच्यात वाफेपुरतं पाणी उरलेलं नसतं. भोक असलेल्या शेंगेत अळी असते. निवडताना एकेक शेंग डोळ्यांखालून घालायला दोन माणसं बसवा, साडेपाच किलोला पाऊण तास लागतो.

शक्यतो त्याच सकाळी तोडलेल्या शेंगा घ्या. आदल्या दिवशी आणाव्या लागल्या तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, रात्रीतून काळ्या पडतात. गोणपाटावर पसरा आणि वर ओलसर फडकं टाका. टोकं खुडायची गरज नाही. शेंग अखंड राहिली तर दाणा आत स्वतःच्याच वाफेत शिजतो.

भांबुर्डा, काही गावांत भामरुड, हे कापूर आणि ओवा एकत्र केल्यासारख्या उग्र वासाचं रानटी झुडूप. पावसाळा संपल्यावर पडीक शेतात, बांधाच्या कडेला उगवतं. पानं मऊ, लवदार, कातरलेल्या कडांची आणि हातात चुरडली की वास तासभर जात नाही. ओळखणाऱ्या माणसाशिवाय गोळा करायला जाऊ नका. तशाच जागी गाजरगवतही माजलेलं असतं आणि ते हाताला लागलं तरी अनेकांना खाज सुटते, अन्नात जाणं तर दूरच. एका मडक्याला दोन्ही हातांच्या कवेत मावेल इतका पाला लागतो. कोवळे शेंडे आणि पानं घ्या, जाड दांडे आणि फुलोरा काढून टाका, नाहीतर कडवटपणा उतरतो. पाल्यातली माती दोन पाण्यांत धुवून निथळा. पाणी टपकत नसेल पण पान ओलं असेल, अशा बेतानं वापरा. हा पाला खायचा नसतो. काम संपलं की टाकून द्यायचा.

भांबुर्डा मिळालाच नाही तर केळीच्या पानांनी आतून अस्तर करून मधे ओव्याची पानं पसरता येतात. चव चांगली लागते. पण तिला पोपटी म्हणावं का, यावर अलिबागकडचा माणूस वाद घालेल आणि त्याचं बरोबर असेल.

मीठ जाडंच हवं. बारीक मीठ लगेच विरघळून खाली वाहतं, खडा शेंगेवर टिकतो. दोन किलो शेंगांना साधारण ५० ग्रॅम जाडं मीठ आणि दोन मोठे चमचे ओवा, तळहातावर चोळून. हे मीठ खूप वाटेल, पण बरंचसं सालावरच राहतं. शेंगा, मीठ, ओवा परातीत हलक्या हातानं कालवा आणि लगेच मडकं भरा. मीठ लावून दोन तास ठेवलं की शेंगांचं पाणी परातीत सुटतं, म्हणजे वाफेचा साठाच बाहेर गेला. पुष्कळ जण वेळ वाचवायला दुपारीच मडकी भरून ठेवतात, त्यांची पोपटी याच कारणानं कोरडी निघते.

बाकीच्या वस्तूंचा आकार शेंगांच्या शिजण्याशी जुळला पाहिजे. शेंगा साधारण अर्ध्या तासात होतात, तेवढ्यात बटाटाही झाला पाहिजे. म्हणून बटाटे लिंबाएवढे, चाळीस-पन्नास ग्रॅमचे. त्याहून मोठे असतील तर दोन तुकडे करा. अखंड बटाट्यांना भरल्या वांग्याला देतो तशी चौफेर चीर देऊन आत वाटण भरा: ओली मिरची, पातीचा लसूण, कोथिंबीर, थोडं ओलं खोबरं, मीठ. हिवाळ्यात पातीचा लसूण मिळत असताना सुका लसूण वापरू नका, फरक ठळक आहे. रताळ्याचे दोन इंचांचे तुकडे सालासकट. कोनफळ सोलून तेवढ्याच फोडी, सोलताना हात खाजत असेल तर हाताला तेल लावा. वांगी आणि कांदे लवकर शिजतात, त्यांना मधे जागा द्या.

कोंबडी पुडक्यात बांधणं योग्यच. मोकळी टाकली तर तिचा रस खालच्या शेंगांवर उतरतो आणि त्या बुळबुळीत होतात. चूक एकाच पुडक्याची होती. दीड किलोचा गठ्ठा मडक्याच्या मधोमध असेल तर त्याच्या पोटात वाफ शिरणार कुठून? पाव किलोची सहा पुडकी करा. तुकडे लहान, आमटीला करतो तसे, चाळीस-पन्नास ग्रॅमचे. आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर यांचं वाटण, हळद, मीठ, लिंबू आणि दोन चमचे तेल लावून दोन तास मुरवा, पण बर्फाच्या डब्यात. शेतावर दुपारच्या उन्हात उघडं पातेलं ठेवू नका. केळीचं पान आचेवर धरून मऊ करा, नाहीतर घडीवर फाटतं. पुडकं चपटं बांधा, दोन बोटांहून जाड नको. बांधायला केळीचं सोपट किंवा सुती दोरा घ्या, प्लास्टिकची सुतळी वितळते.

अंडी धुऊन, तडकलेली वेगळी काढून, प्रत्येकी एका पानात गुंडाळा. मडक्याच्या भिंतीला टेकलेलं अंडं फुटतंच.

भरताना लक्षात ठेवा की आता जो तळ आहे तो जाळात वर येणार आणि सर्वांत जास्त तापणार. तोंड जमिनीला टेकणार, ते सर्वांत थंड. म्हणून तळाशी दोन बोटं पाल्याचा थर, त्यावर बटाटे, रताळी, कोनफळ असं कठीण सामान. मग शेंगांचा जाड थर. मग मधोमध कोंबडीची पुडकी आणि अंडी, भिंतीपासून चार बोटं आत. त्यांच्याभोवती आणि वर पुन्हा शेंगा. भिंतीलाही हात फिरवत पातळ पाला लावत जा, करपण्यापासून तोच वाचवतो. गळ्यापर्यंत भरलं की तळव्यानं एकदा दाबा, कोंबू नका. ठेचून भरलं तर वाफ फिरत नाही, फार सैल भरलं तर पालथं घालताना सगळं सरकतं आणि अंडी भिंतीला जाऊन टेकतात. शेवटी पाल्याची जुडी पिळून तोंडात घट्ट बसवा. मडकं तिरकं करून पाहा: बूच हललं नाही म्हणजे जमलं. बूच सैल राहिलं तर वाफ जाते आणि धूर आत येतो. शेंगांना धुरकट, डोळ्यांत जाणारा वास आला तर दोष बुचाचा असतो, लाकडांचा क्वचित.

जागा मोकळी, कोरडी, सपाट. भोवतीचं दहा फुटांतलं गवत काढून टाका. पेंढ्याची उडवी, आंब्याची कलमं, गोठा जवळ नको. पाण्याच्या दोन बादल्या आणि मातीचं घमेलं आधी आणून ठेवा. जमिनीवर थोडा ओला पाला पसरून त्यावर मडकी पालथी घाला, दोन मडक्यांत हातभर अंतर ठेवून. वाऱ्याच्या दिशेला आडवी रांग करा. वाऱ्याच्या दिशेनंच एकामागे एक ठेवली तर पुढची दोन कच्ची राहतात आणि शेवटचं करपतं, कारण सगळ्या ज्वाळा त्याच्यावर जातात.

जळणात जाड ओंडके नकोत. ते हळू पेट घेतात, एकाच बाजूला टेकतात आणि मडक्याचा तेवढाच भाग जाळतात. मडक्याला सगळीकडून सारखी आच मिळायला सुक्या काटक्या, शेणी, नारळाच्या झावळ्या आणि सोडणं (नारळाची काथ्याची सालं) हे उत्तम. आधी शेणी मडक्याला टेकवून तंबूसारख्या उभ्या रचा, त्यांच्याभोवती काटक्या, वर तळ झाकेल इतका पालापाचोळा आणि पेंढा. एका मडक्याला आठ-दहा किलो जळण धरा. नुसत्या पेंढ्यावर पोपटी होत नाही. तो भडकतो आणि पाच मिनिटांत राख होतो. पेंढा पेटवण्यापुरता. रंगवलेली फळी, टायर, प्लास्टिक, रॉकेल यांपैकी काहीही नको, मडक्याच्या मातीतून त्यांचा वास आत उतरतो. जळण दुपारपासून झाकून ठेवा, कारण सूर्य मावळला की दव पडतं आणि ओल्या गवताचा नुसता धूर होतो.

वारा असेल तर ज्वाळा एका बाजूला झुकतात आणि ज्या बाजूनं वारा येतो ती बाजू थंड राहते. त्या बाजूला पत्रा किंवा विटा आडव्या लावा आणि काटक्याही तिकडूनच सरकवत राहा. एका माणसानं फक्त हेच काम करावं, गप्पांत बसलेल्यानं करू नये.

वेळ: शाकाहारी मडक्यांना ३० ते ३५ मिनिटं, कोंबडीच्याला ४० ते ४५. मोजणी पेटवल्यापासून नव्हे, जाळ सगळीकडून धरल्यापासून. त्यामुळे कोंबडीचं मडकं दहा मिनिटं आधी पेटवलं की तिन्ही एकदम उतरतात. झालं का हे पाहायची जुनी खूण म्हणजे मडक्यावर बोटांनी पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडणं. चर्र होऊन थेंब तत्काळ उडाला तर मडकं चांगलं तापलं आहे. थेंब ओघळला तर अजून वेळ आहे. पण ही खूण मडकं तापल्याची आहे, आतलं शिजल्याची नाही, म्हणून घड्याळही पाहा. वासाची खूण जास्त भरवशाची: आधी हिरव्या पाल्याचा उग्र वास येतो, मग तो मावळून भाजल्या शेंगांचा गोडसर वास येऊ लागतो. ओंजळभर पाणी मात्र मडक्यावर कधी फेकू नका, तडकलंच समजा.

जाळ बाजूला सारल्यावर मडकी दहा मिनिटं निखाऱ्यांत तशीच राहू द्या. कडेची उष्णता या वेळात मध्यापर्यंत पोचते. मागच्या वर्षी हीच दहा मिनिटं दिली असती तर निम्मी तक्रार कमी झाली असती. उचलताना कोरडं गोणपाट, चार घड्यांचं. ओलं गोणपाट लावलं तर वाफेनं हात भाजतात आणि मडकंही फुटतं. दोघांनी धरून आडवं करा, तोंड माणसांपासून दूर, चिमट्यानं बूच ओढा, पहिली वाफ जाऊ द्या आणि मग केळीच्या पानांवर रिकामं करा.

सर्वांआधी एक पुडकं उघडून पाहा. कोवळ्या कोंबडीच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही लाली राहू शकते, त्यामुळे रंगावर जाऊ नका. मांस हाडापासून सुटतंय का आणि टोचल्यावर रस स्वच्छ येतो का ते पाहा. रस गुलाबी असेल तर पुडकी पुन्हा मडक्यात घालत बसू नका, झाकणाच्या पातेल्यात निखाऱ्यांवर दहा-बारा मिनिटं ठेवा. शेंगांचे दाणे टणक निघाले तरी तोच उपाय, चमचाभर पाण्यासह. अर्धकच्चा वाल खाऊन रात्री पोट धरून बसण्यापेक्षा पंधरा मिनिटं थांबलेलं बरं.

सोबत फार काही लागत नाही, आणि जे लागतं ते अंगतपंगत पद्धतीनं वाटून देता येतं. पंचवीस जणांना अर्धा किलो कोथिंबिरीची हिरवी चटणी, दहा लिंबं, दीड किलो कांदा, सहा-सात लिटर ताक किंवा सोलकढी. फेब्रुवारीत लावणार असाल तर अलिबागचा पांढरा कांदा येऊ लागतो, तो गोडसर असल्यानं नुसता खाता येतो. भात, आमटी, भाकरी यांचा घाट घालू नका. ते केलं की शेंगा उरतात. शेवटी गुळाचा खडा पुरे.

वेळापत्रक म्हणाल तर आठला जेवायचं असल्यास साडेपाचला चिरणं-बांधणं, सव्वासहाला भरणं, पावणेसातला जाळ, साडेसातला जाळ बाजूला, पावणेआठला पहिलं मडकं उघडायचं.

इमारतीच्या गच्चीवर हे करू नका. घरी करायचं तर जाड बुडाच्या पातेल्यात पाल्याचं अस्तर, वर शेंगा आणि कंद, घट्ट झाकण, सुरुवातीला तीन चमचे पाणी, मंद आचेवर ३५ मिनिटं. इथे भांडं पालथं नसल्यानं पाणी तळाशीच राहतं आणि करपणं टळतं. परदेशात असाल तर ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर झाकणाच्या बिडाच्या भांड्यात ४० ते ४५ मिनिटं. गोठवलेली पापडी मात्र नको, वितळली की गळून जाते. सालासकट मिळणाऱ्या ताज्या सोयाबीनच्या शेंगा तिच्यापेक्षा बऱ्या.

उरलेल्या शेंगा रात्रीच सोलून दाणे थंड जागी ठेवा, सकाळी कांद्या-खोबऱ्यावर परतून उसळ होते. उरलेली कोंबडी दोन तासांहून जास्त बाहेर राहिली असेल तर टाकून द्या. मडकं शाबूत असेल तर पाण्यात न बुडवता राख झटकून, आतून कोरड्या फडक्यानं पुसून दोन दिवस उन्हात ठेवा, त्याच हंगामात आणखी एकदा चालतं. गळ्याशी केसाएवढा तडा दिसला तरी मात्र पुन्हा जाळात घालू नका.